मन्मथअप्पाच्या जिन्यावरची वर्दळ

मोंढ्यामागच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात एकच बातमी होती: मन्मथअप्पानं वरच्या खोलीत बाई आणून ठेवली.

पुरावे भक्कम होते. एक तर एसी. अंबाजोगाईत तेव्हा एसी म्हणजे एखाद्या बड्या डॉक्टरच्या तपासणीच्या खोलीत, नाहीतर दागिन्यांच्या नव्या दुकानात. आणि इथं पन्नाशीला टेकलेला, एकटा, खाली फरशीवर ओला पंचा टाकून झोपणारा माणूस वरच्या खोलीला एसी लावतो आणि रात्रंदिवस चालू ठेवतो, तर तो कुणासाठी? दुसरं म्हणजे, वर जाताना हा दारात चपला काढायचा. देवघर तर खाली. मग वर कुणापुढं अनवाणी? तिसरा पुरावा समोरच्या साखराबाईनं स्वतःच्या कानांनी गोळा केला होता. ती गच्चीवर कुरडया घालत होती आणि वरच्या खिडकीच्या फटीतून मन्मथअप्पाचा आवाज आला, "लई तापलीस. झोप जरा. उठवतो थोड्या वेळानं."

साखराबाईच्या हातातला सोऱ्या तिथंच थांबला. दुपारपर्यंत गल्लीनं त्या बाईचा रंग, गाव आणि आधीचा नवरा एवढं सगळं ठरवून टाकलं. ती परळीची का लातूरची एवढाच वाद शिल्लक होता.

तो मिटवायला साखराबाईच निघाली. चैत्रातलं हळदीकुंकू होतं, निमित्त आयतंच मिळालं. हातात कुंकवाची कोयरी घेऊन ती जिना चढली, दार वाजवलं. मन्मथअप्पानं उघडलं. आतून पौषातल्यासारखा गारवा आला. खोलीत लोखंडी कपाट, त्याला काचेचं दार, आत लुकलुकणारे हिरवे दिवे आणि निळ्यापिवळ्या वायरींचा गुंता. माणूस कुणी नाही.

"कुठाय?" साखराबाईनं कपाटामागं वाकून बघितलं.

"कोण?"

"हीच की. लाजू नको. मी बोलवायला आले, भांडायला न्हाई."

"काकू, ही मशीन हाय. इंटरनेटची. राउटर म्हणतेत तिला."

"आणि झोप जरा म्हणत हुतास ते?"

"तिलाच."

आता बोट तर कुंकवात बुडालेलं. तसंच पुसून परत फिरायचं म्हणजे अपशकुन. साखराबाईनं इकडंतिकडं बघितलं, ते बोट कपाटाच्या कडेला टेकवलं आणि खाली येऊन गल्लीला निकाल सांगितला. "बाई न्हाई. पण बायकोचे केले नसतील तेवढे लाड हायत."

हे दुसरं वाक्य मात्र खोटं होतं. बायकोचे, महादेवीचे, लाड मन्मथअप्पानं केले होते. करता येतील तेवढे.

त्यांचं किराणा दुकान होतं, वडिलांच्या नावाचं, सिद्धाराम किराणा. दुकानात गर्दी असायची, पण ती काही मन्मथअप्पासाठी नव्हती. हा माणूस साखर मोजतानासुद्धा गिऱ्हाइकाशी बोलायचा नाही. बोलायची महादेवी. विरजण मागायला आलेली बाई तिच्याकडं अर्धा तास बसायची आणि जाताना विरजणच विसरायची, इतकी त्या घराला वर्दळ. पोरबाळ नव्हतं, पण दार कधी लागलेलं कुणी बघितलं नाही. महादेवी लिंगैक्य झाली त्या वर्षी तेच दार गल्लीनं पहिल्यांदा बंद पाहिलं. दुखवट्याचे दिवस घरोघरून भाकरी आली, पिठलं आलं, रात्री कुणी ना कुणी सोबतीला झोपलं. मग भाकरी आणणाऱ्यांना वाटलं, आता हा सावरला असेल. ह्याला वाटलं, आता कुणी तरी विचारील. दोघांनी वाट बघितली आणि तेवढ्यात ती वाट बुजून गेली. दुकानही त्यानं काढून टाकलं. ज्या गल्ल्यावर महादेवीच्या गप्पा चालायच्या तिथं मुक्यानं बसणं त्याला जमेना.

तेवढ्यात पुण्याची ती कंपनी आली. फोन, इंटरनेट सगळं खासगीवाल्यांना मोकळं झालं होतं आणि तालुक्यातालुक्याला जाळं विणत माणसं फिरत होती. त्यांना मोंढ्याजवळ माडीवरची कोरडी खोली हवी होती आणि त्या खोलीपाशी सतत राहील असा माणूस. सतत राहण्याच्या बाबतीत मन्मथअप्पाचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

ह्या मशीनचं काम काय, हे गल्लीला त्यानं एकदाच सांगितलं, तेही साखराबाईनं खोदून विचारलं म्हणून. कंपनीच्या वायरी वडवणीला जात, तलवाड्याला जात, आणखी कुठंकुठं जात. प्रत्येक ठिकाणी एकेक मशीन. कुणाचा निरोप कुठल्या वाटेनं लावायचा ते ह्या मशिनींनी ठरवायचं, आणि अंबाजोगाईची मशीन म्हणजे मधला चौक. सगळ्या शेजारणी एकमेकींना सारखी हाळी देत असतात, "हायस का गं?" "हाय." जिचं उत्तर येत नाही ती मेली असं धरून बाकीच्या तिच्या वाटा पुसून टाकतात आणि पुढच्या गावांना कळवतात, तिकडून जाऊ नका.

"आणि मेली नसंल तर?" साखराबाईनं विचारलं.

"परत आली की सगळ्यांना पहिल्यापासून सांगत फिरायचं, मी हाय म्हणून. त्यात लई गोंधळ होतो. एकीला पटतं, दुसरीला न्हाई. तवर सगळं ठप्प."

आणि मशीनला तर खोड होती. काही दिवस चालली की डोकं भरून यायचं, सुस्त व्हायची. मग पुण्याहून फोन. बंद करून चालू करा, तुमच्या सोयीनं करा. मशीन उठायची पटकन, पण शेजारणींची समजूत निघेपर्यंत सगळ्या गावांचं इंटरनेट लंगडत राहायचं.

तुमच्या सोयीनं, एवढंच पुण्याचे साहेब म्हणायचे. आणि गंमत तिथंच होती.

सुरुवातीला मन्मथअप्पा ती सकाळी, गाव कामाला लागायच्या आधी बंद करायचा. एकदा मात्र सहज म्हणून संध्याकाळी बंद केली. थोड्याच वेळात जिना धडधडला. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेचा म्हाळू दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आला.

"अप्पा! कावून बंद पडलं बे? पोरी निकाल बघायला बसल्यात, निस्तं चाक फिरायलंय! मशीन सांभाळायलास का अंडी उबवायलास?"

त्याच्या मागून पतपेढीचा कारकून. त्याच्या मागून मोंढ्यातला एक आडत्या, ज्याला लातूरचे तुरीचे भाव तेव्हाच बघायचे होते. तिघांनी मिळून मन्मथअप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कित्येक महिन्यांनी त्या घरात एका वेळी इतके आवाज होत होते.

"बसा की," मन्मथअप्पा म्हणाला. "च्या घ्या. येतंय."

"येतंय म्हंजे कवा?"

"च्या संपस्तोवर."

ते बसले. करणार काय, कॅफेत जाऊन बसलं तरी चाकच फिरत होतं, आणि इथं निदान गारवा होता. पहिला कप शिव्यांत गेला. दुसऱ्याला म्हाळूनं सासऱ्याची तक्रार काढली. कारकून पतपेढीच्या चेअरमनची नक्कल करून दाखवायला लागला. नेट सुरू झालं तरी कुणी उठायला तयार नाही.

त्यानंतर मन्मथअप्पाची सोय संध्याकाळचीच झाली. पहाटे गाव झोपलेलं असताना मशीन बंद केली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो कॅफे भरायची वाट बघायचा. आधी खाली येऊन चहाचं आधण ठेवायचा, मोठं पातेलं, महादेवीच्या वेळचं. मग वर जाऊन मशीनला म्हणायचा, "झोप जरा." आणि जिन्याकडं कान लावून बसायचा.

गल्लीत काहीजण म्हणायचे, अप्पा बिचारा किती शिव्या खातो, आणि तोंडातून शब्द काढत नाही. बिचारा! पाहुणे जेवायला बोलवावेत तसा हा माणूस शिव्या बोलवत होता.

असं चाललं असतं. पण एका रविवारी वर्दळीच्या मागोमाग वच्छलाबाई वर आली.

जवळच्या खेड्यातली बाई. अंगावर घडी मोडलेलं पातळ, हातात पिशवी. तिचा पोरगा आदिनाथ दुबईला गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. म्हाळूच्या कॅफेत कॅमेरा बसवला होता, त्यात पोराचं तोंड दिसतं असं तिला कुणी सांगितलं. ती एसटीनं आली, नंबर लावून बसली, पोरगा दिसला. "आई, तू वाळलीस गं," एवढं बोलला आणि तोंड उघडं असतानाच पडद्यावर थिजला. मन्मथअप्पानं नेमकी तेव्हाच मशीन झोपवली होती.

म्हाळू नेहमीसारखा ओरडत होता. वच्छलाबाई ओरडली नाही. तिनं दाराशीच उभं राहून विचारलं, "परत दिसंल का हो त्यो?"

"दिसंल की, मावशी. बसा. च्या घ्या."

ती बसली नाही, चहाही घेतला नाही. काचेमागच्या दिव्यांकडं बघत राहिली, जणू पोरगा त्यातच कुठं अडकलाय. नेट आलं तोवर तिकडं आदिनाथ कामावर गेला होता आणि इकडं तिची शेवटची गाडी लागली होती. ती जिना उतरली तेव्हा पायांचा आवाजही झाला नाही. त्या दिवशी म्हाळूनं सांगितलेल्या विनोदाला मन्मथअप्पा हसला नाही. म्हाळूला वाटलं, विनोद जुना झाला.

पुढं तीनदा त्यानं मशीन पहाटे बंद केली. कुणी आलं नाही. चौथ्यांदा हात परत संध्याकाळवर गेला. सवयीचं असंच असतं, तंबाखू सोडणाऱ्याला विचारा.

अशात पुण्याहून वैष्णवी आली. मूळची वडवणीची, कंपनीत इंजिनिअर. साहेबाशी फोनवर बोलताना पुण्याची आणि फोन ठेवला की वडवणीची. एका खोक्यातून मशीनचा नवा भाग आणलेला. कपाटाच्या कडेला सुकलेलं कुंकू बघून म्हणाली, "काका, पूजा केली वाटतं?"

"शेजारणीनं केली. चुकून."

सकाळी कॅफे उघडायच्या आधीच तिनं तो भाग बसवला आणि मग मन्मथअप्पाला समजावून सांगायला बसली. "काका, हिचं डोकं वेगळं आणि हात वेगळे, असं समजा. वाट कुठली ते डोकं ठरवतं. पण निरोप पुढं ढकलायचं काम हातांचं. आता डोकं झोपलं तरी हात जुन्याच वाटांनी निरोप ढकलत राहणार."

"आणि शेजारणी? त्या मेली म्हणून वाटा पुसतील की."

"तेच तर नवीन हाय. आपली मशीन त्यांना सांगणार, मी जरा डोळा लावतीय, उठणार हाय, माझ्या वाटा पुसू नका. त्या दोन-तीन मिनिटं धीर धरणार. उठली की आपलीला जुनं सगळं त्याच परत सांगणार. वडवणीला आणि तलवाड्याला मी हे आधीच भरून ठेवलंय."

"म्हंजे ही झोपली तरी कुणाला कळणार न्हाई?"

"कुणाला नाही, काका."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही!" वैष्णवीला वाटलं, काकांना आनंद झाला.

मन्मथअप्पा खाली गेला आणि पातेल्यात पाणी किती घालावं हे न कळून तसाच उभा राहिला.

नव्या भागाची परीक्षा दुपारी होती, भर कामाच्या वेळी. साहेबांचं म्हणणं असं की कुणी नसताना केलं तर जमलं का नाही हे कळणार कसं. एकच धोका होता. शेजारणी धीर धरून बसलेल्या असताना कुठलीच वाट बदलता कामा नये. एखादी लाइन मध्येच गेली, तर हातांना नवी वाट ठाऊक नसते. मग शेजारणी धीर सोडतात आणि पुन्हा तोच गोंधळ.

"म्हणजे सगळ्यांनी फक्त गप बसायचं," वैष्णवी म्हणाली. "काहीच करायचं नाही."

"मग अवघड हाय," मन्मथअप्पा म्हणाला. "तलवाड्याला त्रिंबक हाय."

त्रिंबक तलवाड्याची मशीन सांभाळायचा. आपल्याकडं लोडशेडिंगनं सगळ्यांना एकच विद्या शिकवली आहे: काहीही वाटलं की बंद करून चालू कर. मोटर, टीव्ही, फ्रीज, काहीही. त्रिंबक त्या विद्येतला पंडित होता. दिवा वेगळा लुकलुकला तरी तो बटणापर्यंत पोचलेला असायचा. आणि त्याला हात लावू नको असं बजावणं म्हणजे दुधाची राखण मांजराला सांगणं.

म्हणून मन्मथअप्पानं त्याला साध्या टेलिफोनवर धरून ठेवलं. इकडं वैष्णवीनं बटणं दाबली. मशीनचं डोकं झोपलं. कपाटातल्या एका कोपऱ्यातले दिवे विझले, बाकीचे चालूच राहिले. वैष्णवी पडद्याकडं डोळे लावून बसली. तलवाड्याहून, वडवणीहून उत्तरं ओळीनं येत होती.

"अप्पा," फोनवर त्रिंबक म्हणाला, "हितला एक दिवा केशरी झालाय बगा. तुमच्याकडं काय करायलेत?"

मन्मथअप्पानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बंद करून चालू करू का?"

मन्मथअप्पानं वैष्णवीकडं बघितलं. तिला ऐकू गेलं नव्हतं. एक "कर" म्हटलं असतं, एवढासा शब्द, तर पाच मिनिटांत जिना धडधडला असता. म्हाळू, कारकून, आडत्या, सगळे. कंपनीनं म्हटलं असतं, नवीन भाग फसला. वैष्णवीनं खोकं उचलून परत नेलं असतं. मशीन होती तशी राहिली असती आणि संध्याकाळही. दोष तरी कुणाला लागला असता? त्रिंबकची सवय तर जिल्ह्याला माहीत.

"अप्पा? ऐकायलाव ना? करू?"

त्याच्या डोळ्यांपुढं वच्छलाबाई दाराशी उभी राहिली. बसा म्हटलं तरी न बसलेली.

"हात लावू नगंस," तो म्हणाला. आणि त्रिंबक रिकामा राहिला तर हात लावणारच, म्हणून त्यानं विचारलं, "तुजी म्हैस आटली हुती, तिचं काय झालं रं?"

मग काय! त्रिंबकनं म्हैस काढली, तिचा डॉक्टर काढला, डॉक्टरची चूक काढली, ती म्हैस ज्या पाहुण्याकडून आणली त्याचं खानदान काढलं. मन्मथअप्पा "हां... मग?... आरारा" करत राहिला. जन्मात गिऱ्हाइकाशी एवढं बोलला नव्हता. महादेवी असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. मधेच वैष्णवीनं टाळी वाजवली. मशीन जागी झाली होती, शेजारणींनी तिला तिच्या वाटा परत सांगितल्या होत्या, आणि एकीनंही मधल्या वेळात तिचं नाव पुसलं नव्हतं.

"झालं?" त्रिंबकनं फोनवर विचारलं. "कवा? मला तर काईच कळलं न्हाई."

"झालं," मन्मथअप्पा म्हणाला. "ठिवतो." पण फोन ठेवला नाही, म्हशीला रेडी झाली का रेडा ते विचारून घेतलं.

पातेलंभर चहा उकळून तयार होता. सवयीनं सगळ्यांपुरता ठेवलेला. जिन्यावर कुणी आलं नाही. वैष्णवीनं एक कप घेतला, "काका, लई भारी झालं," म्हणाली आणि संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीला लागली. उरलेला त्यानं मोरीत ओतला.

त्यानंतर मशीन हवी तेव्हा झोपायची, हवी तेव्हा उठायची. मन्मथअप्पाला संध्याकाळ निवडायचं कारण उरलं नाही. म्हाळू मोटारसायकलवरून जाताना हात करायचा, थांबायचा नाही. थांबणार कशासाठी? कारकुनानं चेअरमनची नक्कल आता दुसरीकडं कुठं तरी करायला सुरुवात केली म्हणे. आपला माणूस खिडकीशी बसू लागला. एसीच्या घरघरीत रस्त्यावरचं बोलणं ऐकू यायचं नाही, नुसती तोंडं हललेली दिसायची.

एका रविवारी म्हाळूच्या कॅफेतून वच्छलाबाई बाहेर पडताना त्याला दिसली. ती आत बसली होती तेवढ्यात मशीन एकदा डोळा लावून उठली होती. त्याच्या समोरच ते दिवे विझून परत लागले होते. वच्छलाबाई हसत होती, स्वतःशीच, पदरानं तोंड पुसत, भर रस्त्यात. खिडकीखालून गेली. तिनं वर बघितलं नाही. बघणार तरी कशाला? वर काही आहे हे तिला माहीत असायचं आता कारणच नव्हतं. मन्मथअप्पा ती मोंढ्याच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत उभा होता.

हे साखराबाईच्या नजरेतून कसं सुटेल? ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं तिथूनच हाक टाकली, एसीच्या घरघरीतूनही साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"मन्मथ! तुजं मशीन बंदच पडंना म्हणं आता! त्यो म्हाळू न्हाई फिरकत, कुणी कुत्रं न्हाई फिरकत. पैलं शिव्या तरी पोटभर मिळायच्या तुला. आता उपाशी मरतुस का काय बे?"

गल्लीतली चार डोकी हसली. मन्मथअप्पानं खिडकी उघडली, एवढ्या दिवसांचा गारवा बाहेर सोडून खाली वाकला, आणि म्हणाला,

"मग तुमी द्या की, काकू. पण खालून नगा. वर येऊन द्या."